पॉवरशेलच्या बॅकग्राउंड जॉबला व्हेरिएबल कसे पुरवावे

साधी स्क्रिप्ट लिहिता येते, हे गृहीत धरले आहे. पुण्यातील एका पुस्तक दुकानाचे उदाहरण घेऊ. कोथरूड, हडपसर आणि औंध शाखांच्या बिलांच्या फाइली रोज रात्री मुख्य संगणकावर उतरवायच्या आहेत आणि शाखांची नावे $शाखा या व्हेरिएबलमध्ये आहेत.

प्रथम फाइली उतरवण्याच्या आज्ञा स्टार्ट-जॉबच्या (काम मागच्या मागे, म्हणजे बॅकग्राउंडला चालवणाऱ्या आज्ञेच्या) महिरपी कंसात लिहाव्यात.

खरी मेख पुढे आहे. स्टार्ट-जॉब पॉवरशेलची स्वतंत्र प्रोसेस सुरू करते, त्यामुळे बाहेर भरलेले $शाखा आत रिकामेच असते. ‘व्हेरिएबल ग्लोबल करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला साफ निरुपयोगी आहे, कारण ग्लोबलची हद्द त्या सत्रापुरतीच असते. शिवाय रिकाम्या व्हेरिएबलबद्दल पॉवरशेल अवाक्षरही काढत नाही. जुन्या फाइली पुसण्यासाठी "$फोल्डर\*" लिहिले आणि $फोल्डर आत पोहोचलाच नाही, तर उरते फक्त "\*", म्हणजे ड्राइव्हच्या अगदी मुळापासूनचा मजकूर. म्हणून जॉबमधील पहिली ओळ सेट-स्ट्रिक्टमोडचीच (न भरलेले व्हेरिएबल वापरल्यास चूक दाखवायला लावणाऱ्या आज्ञेचीच) असावी आणि तिची व्हर्जन ‘लेटेस्ट’ ठेवावी, ‘१.०’ ठेवल्यास अवतरणचिन्हांतले रिकामे व्हेरिएबल तिच्या नजरेतून सुटते.

पॉवरशेल ३.० पासून सोपा उपाय आहे: आत $यूझिंग:शाखा असे लिहावे. मूल्याची प्रत जॉब सुरू होतानाच आत जाते. त्यानंतर बाहेर केलेला बदल तिथे दिसत नाही आणि आतून त्या व्हेरिएबलला नवे मूल्यही देता येत नाही. तोच ब्लॉक अनेक ठिकाणी वापरायचा असेल, तर मात्र आत पॅरम (मूल्ये स्वीकारणारी ओळ, ती सेट-स्ट्रिक्टमोडच्याही आधी) आणि बाहेर आर्ग्युमेंट-लिस्ट (ती मूल्ये पुरवणारा पर्याय) हीच जोडी मी पसंत करतो. तिथे अ‍ॅरे जसाच्या तसा दिल्यास तो सुटा होतो, पॅरममधील एकुलत्या एका $शाखाला फक्त ‘कोथरूड’ मिळते आणि जॉब बिनतक्रार पूर्ण होऊन हडपसर व औंधची बिले मागे राहतात. त्यासाठी $शाखाच्या आधी एक स्वल्पविराम देऊन ते गोल कंसात, (,$शाखा) असे लिहावे, म्हणजे संपूर्ण यादी एकच मूल्य म्हणून जाते.

फाइल-ऑब्जेक्ट आत पाठवू नयेत. प्रोसेस ओलांडताना त्यांच्या मेथड (ऑब्जेक्टकडून करवून घ्यायच्या क्रिया) गळून पडतात आणि ‘कॉपी-टू’ चालत नाही. फाइलचा पूर्ण पाथ पाठवावा.

शेवटी वेट-जॉब (जॉब संपेपर्यंत थांबणे), रिसीव्ह-जॉब (निकाल घेणे), रिमूव्ह-जॉब (जॉब काढून टाकणे) याच क्रमाने चालवावे. निकाल पुन्हा वाचायचा असेल, तर रिसीव्ह-जॉबला ‘कीप’ जोडावे, अन्यथा तो एकदाच मिळतो.