रेक्समच्या मागे राहायचं असेल तर

आधी गुणतक्ता वाचायला शिका. आमच्याकडचे पोट्टे थेट गोलचे तुकडे बघायला बसतात आणि दोन महिन्यांत कंटाळतात. रेक्सम हा वेल्सचा फुटबॉल क्लब, पण खेळतो इंग्लंडच्या लीगांच्या उतरंडीत. वर प्रीमियर लीगचे 20 संघ, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24. या 92 च्या खाली नॅशनल लीग. तिथून वर यायच्या जागा दोनच, त्यातही थेट बढती फक्त पहिल्याला. 2008 मध्ये तिथे पडलेला रेक्सम पंधरा वर्षं अडकला तो यामुळेच. तक्ता उघडला की वरच्या आणि तळाच्या जागा आधी बघा, मधलं मग.

वेळेचं सोपं आहे. शनिवारचा तिकडचा दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग मार्चअखेरपर्यंत साडेआठ. आठवड्याच्या मधले सामने हिवाळ्यात रात्री सव्वा वाजता सुरू होतात. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाइन असली की मी ते सोडत नाही. शेतात नेट रडतं, चित्र अडकतं. तेव्हा बीबीसीच्या पानावरचा मिनिटामिनिटाचा मजकूर उघडा, तो कमी रेंजमध्येही येतो.

आता मुख्य गोष्ट. सातबारा कोणाच्या नावावर आहे, ते बघायची सवय लावा. क्लब मैदानावर हरतो त्यापेक्षा कागदावर जास्त हरतो. रेक्समचं रेसकोर्स ग्राउंड जुनं, क्लब 1864 चा. 2004 मध्ये त्या जागेवर मालकाचाच डोळा होता, क्लबला मैदान सोडायची नोटीस मिळाली. त्याच वर्षी कर्जापायी क्लब प्रशासकाच्या हाती गेला आणि दहा गुण कापले गेले. हंगामाअखेर 43 गुण राहिले, संघ खाली गेला. ते दहा गुण हाती असते तर वाचला असता. हा तक्ता एकदा शोधून स्वतः बेरीज करून बघा. एवढी एक बेरीज केली तरी क्लबचं बरंचसं दुखणं कळतं.

त्यानंतर 2011 बघा. लीगने हमीची रक्कम मागितली आणि चाहत्यांनी एका दिवसात एक लाख पौंडांवर पैसा उभा केला. पुढे क्लबच चाहत्यांच्या ट्रस्टकडे आला. नोव्हेंबर 2020 मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या नटांना क्लब द्यायचा का, यावर ट्रस्टच्या सभासदांनी मतदान केलं, 98.6 टक्के हो म्हणाले. फेब्रुवारी 2021 मध्ये व्यवहार झाला, 2022 मध्ये मैदानही क्लबच्या नावावर आलं. लोक नटांचंच कौतुक करतात. माझ्या मते ज्यांनी दहा वर्षं क्लब जिवंत ठेवला, त्यांचं आधी करायला पाहिजे.

एकच सामना मागे जाऊन बघायचा असेल तर 10 एप्रिल 2023 चा, नॉट्स काउंटीविरुद्धचा. रेक्सम 3-2 ने पुढे, नव्वद मिनिटांनंतरचा भरपाईचा वेळ चालू, आणि पंचांनी समोरच्यांना पेनल्टी दिली. गोलमध्ये बेन फॉस्टर, वय चाळीस, निवृत्ती मागे घेऊन आलेला. तो उजवीकडे झेपावला आणि चेंडू अडवला. हाच फॉस्टर 2005 मध्ये, त्या पडत्या काळात, उसना खेळाडू म्हणून इथे खेळून गेला होता. 2022-23 च्या त्या हंगामात रेक्समने 111 गुण घेतले आणि नॅशनल लीगमधून वर आला. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोनदा वर चढला, आणि 26 एप्रिल 2025 ला चार्लटनला 3-0 हरवून चॅम्पियनशिपमध्ये पोचला. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच पायऱ्यांत ओळीने तीन बढत्या याआधी कोणी घेतल्या नव्हत्या.

22 सप्टेंबर ही तारीखही लिहून ठेवा. 1934 साली त्या पहाटे रेक्समजवळच्या ग्रेसफर्ड कोळसा खाणीत स्फोट झाला, 266 जण गेले. त्यातल्या बऱ्याच जणांनी दुपारचा रेक्समचा सामना बघता यावा म्हणून पाळी बदलून घेतली होती. आमच्या भद्रावती-माजरीच्या पट्ट्यात घरटी कोणी ना कोणी खाणीत असतो, माझे बाबाही रात्रपाळीला जायचे. पाळी बदलून घेणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि नुसत्या चढत्या रेक्समवर थांबू नका. वेल्सचाच दुसरा क्लब स्वान्सी सिटीही वहीत घ्या. 1978 मध्ये चौथ्या पायरीवर, 1981 मध्ये पहिल्या, 1986 मध्ये परत चौथ्या. 2003 मध्ये शेवटच्या दिवशी हल सिटीला 4-2 हरवून वरच्या 92 संघांत कसाबसा टिकला, आणि 2011 मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेला. दोन्ही क्लबांना एकेक पान द्या, दर हंगामाला एक ओळ: कितवी पायरी, कितवा नंबर, मालक कोण, मैदान कोणाचं. ऑगस्टमध्ये, निंदण चालू असतानाच हंगाम सुरू होतो. वही तेव्हाच घ्या.