पुढचा एक्सल बदलताय? आधी टायर बघा

ऑफ-रोड फोर बाय फोर गाडीला पुढचा एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा नि फिरवणारा भाग) घेताना लोक पहिली किंमत विचारतात, पण खरा प्रश्न टायरचा आहे, कारण टायर जेवढा मोठा नि जड तेवढा सगळा मार शाफ्ट, यू-जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा) आणि रिंग गिअरवर (एक्सलमधलं मोठं दातेरी चाक) बसतो. डाना कंपनीच्या एक्सलमध्ये डाना ३० ची रिंग सात इंचाच्या आसपास, डाना ४४ ची साधारण ८.५ आणि डाना ६० ची ९.७५ इंच. माझ्या मते ३५ इंची टायरला ४४ पुरे, ६० चं वजन उगाच वाहू नका.

मारुती जिप्सी किंवा महिंद्राची जुनी एमएम ५४० असेल तर पुढे सॉलिड एक्सलच (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर) असतो, काम सोपं. नव्या थारला मात्र पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आहे, तिथे सस्पेन्शन, स्टीअरिंग सगळंच नव्याने बसवावं लागतं, हे खर्चात आधीच धरा. आणि पुढच्या-मागच्या एक्सलचा गिअर रेशो (शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी) एकच हवा, नाहीतर फोर बाय फोर टाकलं की ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) वाट लागते.

आता आपल्याकडची गोष्ट, पाणी. गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागरच्या वाटेला नदी ओलांडताना तापलेला एक्सल एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून ब्रीदरचा (एक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी वाट) पाइप बॉनेटखाली उंच न्यायचाच! घरी आल्यावर ड्रेन प्लग थोडा सैल करून बघा, ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर लगेच बदला आणि सीलही तपासा.

काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना लागू होतं.