पूर्ण तोंडाची दंतपुनर्रचना: गरज कशी ओळखावी आणि निर्णय कसा घ्यावा

सगळ्या दातांवर टोप्या बसवून घेणे म्हणजे पूर्ण तोंडाची दंतपुनर्रचना, असा समज बराच पसरलेला आहे. या उपचाराचा खरा गाभा म्हणजे चावा. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कोठे टेकतात, जबडा मिटल्यावर चेहऱ्याची उंची किती राहते आणि चावण्याचा भार कोणत्या दातांवर पडतो, या तिन्ही गोष्टी बिघडल्या असतील तेव्हा दोन्ही जबड्यांचा एकत्रित विचार करावा लागतो. दोन-चार दाढा किडल्या, एखादा दात पडला किंवा दात पिवळे दिसतात, एवढ्यासाठी कोणी हा उपचार सुचवत असेल तर घाई करू नये. टोपीसाठी एकदा तासलेले दाताचे कवच पुन्हा कधीच वाढत नाही.

चावा बिघडण्याची कारणे बहुतेक वेळा जुनी असतात. झोपेत दात खाण्याची सवय, जठरातले आम्ल वारंवार तोंडाशी येणे, वर्षानुवर्षे लावलेली मिश्री आणि सुपारी यांमुळे दात हळूहळू झिजतात. अपघातात जबड्याला इजा झालेल्यांना आणि जन्मतःच कवच सदोष असणाऱ्यांनाही या उपचाराची गरज पडू शकते. मात्र आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते काढलेल्या दाढांच्या रिकाम्या जागेकडे. दाढ काढल्यावर ठणका थांबतो, म्हणून माणूस पुढचे काम टाळतो. पण शेजारचे दात त्या पोकळीकडे कलतात, समोरच्या जबड्यातली दाढ आधार नसल्याने सरकत बाहेर येते आणि चावण्याचे काम शेवटी पुढच्या नाजूक दातांवर येऊन पडते.

घरच्या घरी प्राथमिक तपासणी करायची असल्यास दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहून दाढांचा माथा पाहावा. निरोगी दाढेवर उंचवटे आणि खाचा दिसतात. झिजलेल्या दाढेचा माथा सपाट होतो किंवा मधोमध वाटीसारखा खोलगट होऊन त्यात पिवळसर थर दिसू लागतो. आम्लाने दात झिजला असेल तर दातात पूर्वी भरलेले जुने सिमेंट जसेच्या तसे राहते आणि भोवतालचा दात खाली गेल्याने ते वर आल्यासारखे दिसते. सकाळी उठल्यावर जबडा जड वाटणे, थंड पाण्याने बहुतेक दात शिवशिवणे, भाकरी एकाच बाजूने चावावी लागणे, ही लक्षणेही एकत्र दिसत असतील तर दंतवैद्याकडे जावे. गुटखा, तंबाखू किंवा सुपारीची सवय असलेल्यांनी आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, तेही पाहावे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, तरी त्याने आखडलेली तोंडे आजही दवाखान्यांत येतात. तोंड कमी उघडत असेल, पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर टोप्यांचा विषय बाजूला ठेवून आधी कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी.

या कामासाठी प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे टोप्या आणि कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्रात एम.डी.एस. ही दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी घेतलेले तज्ज्ञ गाठावेत. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय हे दोन पर्याय आहेत. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. त्यामुळे फेऱ्या जास्त होतात आणि कल्याण-विरारहून येणाऱ्याला रजेचा हिशेब आधी मांडावा लागतो. तरीही ज्याच्याजवळ वेळ आहे, त्याने कर्ज काढण्यापूर्वी येथे अवश्य दाखवावे, असे माझे ठाम मत आहे.

उपचाराची सुरुवात पूर्ण जबड्याचा एक्स-रे, छायाचित्रे आणि दातांची मापे यांनी होते. मापांवरून केलेले साचे जबड्याची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रावर बसवून त्यांवर भावी दातांचा मेणाचा नमुना घडवतात. हा नमुना पाहायला मागावा आणि कोणता दात वाचणार, कोणता काढणार आणि का, हे लेखी घ्यावे. त्यानंतर हिरड्यांचे उपचार, दात काढणे आणि रूट कॅनाल उरकतात. इम्प्लांट, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा कृत्रिम खुंट, बसवायचे असल्यास हाड त्याला घट्ट धरेपर्यंत साधारण 3 ते 6 महिने जातात. मधुमेह, हाडांच्या ठिसूळपणाची औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा पूर्वी जबड्यावर घेतलेले रेडिएशन, यांपैकी काहीही असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा टप्पा तात्पुरत्या दातांचा आहे. नवी उंची जबड्याच्या स्नायूंना आणि सांध्याला मानवते की नाही, हे काही आठवडे त्या दातांवर जेवल्याशिवाय आणि बोलल्याशिवाय कळत नाही. साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजावे. एकसष्ट, बासष्ट, सहासष्ट म्हणताना वरचे-खालचे दात आपटत असतील तर उंची जास्त झाल्याची शक्यता असते. भाकरी, उसळ, चपाती सगळे खाऊन पाहावे आणि कानापुढे दुखले किंवा सकाळी डोके जड झाले तर तसे स्पष्ट सांगावे. तात्पुरत्या दातांत दुरुस्ती सहज होते, झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकच्या कायमच्या दातांत ती अवघड आणि खर्चिक ठरते. म्हणून लग्नकार्याची तारीख जवळ आली, या कारणास्तव हा टप्पा आटपू देऊ नये.

कायमचे दात बसल्यावर टोपी आणि हिरडी यांच्या सांध्यात कीड पुन्हा लागू शकते, त्यामुळे दातांच्या फटींत फिरणारा छोटा ब्रश रोज वापरावा आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर चढवायचे संरक्षक आवरण, लावलेच पाहिजे. एखादी टोपी सुटली तर ती घरातल्या गोंदाने न चिकटवता स्वच्छ डबीत ठेवून दोन-चार दिवसांच्या आत दंतवैद्याकडे न्यावी, कारण तेवढ्या अवधीतही उघडा दात आणि शेजारचे दात जागा बदलू लागतात आणि मग तीच टोपी पुन्हा नीट बसेनाशी होते.