जुनी गाडी घेताय? कर्जाचा बोजा तपासताना होणाऱ्या या चुका टाळा

कोकणात जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी खाली वाकतो. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा खाल्लाय का, दारांच्या कडांना फोड आलेत का, सायलेन्सर अजून किती दिवस टिकेल, हे बघण्यात आपली माणसं पटाईत. चिपळूण-महाडकडची गाडी असेल तर जुलै २०२१ च्या पुरात ती बुडालेली नाही ना, म्हणून कार्पेट उचलून वास घेतात. सोबत गॅरेजवाला असतो. आणि कागदांची वेळ आली की व्हॉट्सअॅपवर आलेला आरसीचा फोटो बघून विसार देऊन मोकळे होतात. पत्रा बदलून घेता येतो. गाडीवर दुसऱ्याचं कर्ज निघालं तर मात्र गाडीच हातची जाऊ शकते, आणि दिलेले पैसे परत मिळवायला वर्षं जातात.

गणपतीच्या आधी हे जास्त घडतं. चतुर्थीला दारात गाडी उभी असली पाहिजे असं सगळ्यांनाच वाटतं, मुंबईहून येणाऱ्यांना आणि इथल्यांनाही. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. "आज नाय घेतलास तर उद्या दुसरो घेतलो" हे वाक्य त्या दिवसांत सर्रास ऐकू येतं. अशा वेळी नेमक्या ज्या चुका होतात, त्या पुढे दिल्या आहेत.

आरसीवरची एक ओळ न वाचणं

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघितल्याशिवाय पुढे जात नाही. गाडीचा बोजा आरसीवर असतो, आणि आरटीओच्या भाषेत त्याला हायपोथिकेशन, म्हणजे बोलण्यातलं एचपी, म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे कर्ज देणाऱ्याचं नाव नोंदणीत चढवलं जातं, आणि ती नोंद असेपर्यंत त्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आरसीवर फायनान्सर म्हणून एखाद्या बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव दिसलं, तर गाडी अजून मोकळी झालेली नाही असंच धरून चाला.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे जी खरेदीदारांना सहसा कोणी सांगत नाही. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीने गाडी ताब्यात घेतली आणि मालक आरसी देत नसेल, तर आरटीओ जुनी नोंदणी रद्द करून कंपनीच्या नावाने नवी आरसी देऊ शकतं. त्याआधी नोटीस जाते ती नोंदणीकृत मालकाला. तुमचं नाव कागदावर कुठेच नसल्याने तुम्हाला पत्ताही लागत नाही. वसुलीवाले सावंतवाडीच्या बाजारात किंवा तुमच्या खळ्यात येऊन उभे राहतात तेव्हाच कळतं.

फोटोवर भागवू नका. कर्ज काढण्याआधीचा फोटो आजही तितकाच स्वच्छ दिसतो. परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण फायनान्सर, विमा आणि फिटनेसची माहिती समोर येते. डिजिलॉकरमधली आरसी असेल तर विक्रेत्याला तुमच्यासमोर त्याच्या मोबाईलवर उघडायला सांगा. ही तपासणी दोनदा करा: एकदा विसार देण्याआधी आणि एकदा पूर्ण पैसे देण्याच्या दिवशी. मधल्या दिवसांत गाडीवर नवं कर्ज चढवलं गेलं तर पहिली तपासणी काही कामाची नाही.

"लोन क्लिअर आहे, फक्त कागद यायचा आहे"

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर.

कर्ज फिटणं आणि एचपी उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा हप्ता गेला की बँक एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, देते आणि सोबत फॉर्म ३५ देते. त्या फॉर्मवर बँकेची आणि मालकाची, दोघांच्याही सह्या लागतात. तो आरटीओकडे गेला की मग नोंद निघते. काही बँका आता ही नोंद थेट ऑनलाइन काढून देतात, पण सगळ्या नाहीत. हप्ते संपून चार वर्षं झाली तरी एचपी तशीच असलेल्या गाड्या आपल्याकडे गावोगावी आहेत, कारण मालकाने एनओसी कपाटात ठेवली आणि विसरला. अशी गाडी वाईट नसते. पण एचपी उतरवण्याचं काम विक्रेत्याचं आहे आणि ते व्यवहार पुरा होण्याआधी झालं पाहिजे.

एनओसी हातात आली की शांतपणे वाचा. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतात का? कर्जखात्याचा नंबर आहे का? तारीख कधीची आहे? पुष्कळ एनओसींवर मुदत छापलेली असते, साधारण तीन महिन्यांची, आणि ती उलटली की नवी मागावी लागते. चेसिस नंबरात एक आकडा चुकला तरी आरटीओतून कागद परत येतो. शंका वाटली तर एनओसीवरच्या फोन नंबरवर विसंबू नका. बँकेच्या शाखेत जा आणि विक्रेत्याला सोबत न्या, कारण त्याच्या खात्याची माहिती बँक परक्याला देणार नाही. तो यायला टाळाटाळ करत असेल तर मी तो व्यवहार तिथेच सोडून देण्याचा सल्ला देईन.

कर्ज खरंच फिटलं असेल आणि बँकच दिरंगाई करत असेल, तर विक्रेत्याच्या हातात एक चांगलं हत्यार आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे वैयक्तिक कर्ज (यात स्वतःच्या वापराच्या गाडीचं कर्जही येतं) पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकांवर व फायनान्स कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. शाखेत अर्ज देताना हा आदेश लिहून दिला तर फाईल हलते.

कधीकधी मात्र बँक मुद्दाम एनओसी अडवते. गाडीचं कर्ज फिटलेलं असतं, पण विक्रेता भावाच्या किंवा मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलेला असतो आणि ते खातं थकलेलं असतं. आपल्याकडे एकमेकांना जामीन राहण्याची रीत जुनी, त्यामुळे हे सहज घडतं. म्हणून विक्रेत्याला नुसतं "गाडीचं कर्ज आहे का" एवढंच विचारू नका. त्याच बँकेत दुसरं काही कर्ज किंवा जामीनकी आहे का, हेही विचारा.

कर्ज फेडायला पैसे विक्रेत्याच्या हातात देणं

चालू कर्जाची गाडी घेणं यात गैर काही नाही. पैसे कुठे जातात एवढंच महत्त्वाचं.

समजा गाडी ३,८०,००० ला ठरली आणि १,४५,००० कर्ज बाकी आहे. विक्रेत्याला बँकेकडून फोरक्लोजर लेटर काढायला सांगा. त्यात बाकी मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, मुदतीआधी फेडण्याचा आकार आणि चेक परत गेल्याचे दंड असं सगळं मिळून एक आकडा असतो, आणि तो थोडे दिवसच चालतो. विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या रकमेपेक्षा हा आकडा बहुधा जास्त निघतो. तेवढे पैसे आरटीजीएसने थेट कर्जखात्यात भरा, पावती घ्या, आणि करारात तसं लिहा. उरलेल्या रकमेतला मोठा भाग परिवहनच्या नोंदीतून एचपी निघालेली स्वतः बघेपर्यंत हातात ठेवा. "मला पैसे दे, मी संध्याकाळी भरतो" असं म्हणणारा शेजारचा असो की सोयरा, नम्रपणे नाही म्हणा. खरंच भरायचे असतील तर तुम्ही भरल्याने त्याचं काही बिघडत नाही.

स्वतः कर्ज काढून गाडी घेत असाल तर तुमची बँक जुन्या कर्जाची चौकशी करतेच, आणि यात बराच भार हलका होतो.

"हप्ते तू भर, गाडी तुझी"

हे करूच नका. गाडी तुमच्या दारात, कर्ज त्याच्या नावावर, आरसीही त्याचीच, आणि हातात नोटरी केलेला एक स्टॅम्प पेपर. आरटीओच्या किंवा बँकेच्या लेखी त्या कागदाने मालकी बदलत नाही. तुम्ही त्याला रोख दिलेले हप्ते त्याने भरले नाहीत तर गाडी उचलली जाते. उलट बाजूने, गाडीला अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच्यावर येतो: नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. हे विक्रेत्याला समजावून सांगा, तोही सावध होईल.

फक्त बँकेचं कर्ज शोधणं

आपल्या तालुक्यांत पतसंस्था पुष्कळ, आणि ओळखीवर पैसे देणारेही पुष्कळ. काही ठिकाणी एचपी रीतसर चढवली जाते. काही ठिकाणी मूळ आरसी, दुसरी चावी आणि सह्या केलेले कोरे ट्रान्सफर फॉर्म ठेवून घेतात, आणि आरटीओत काहीच नोंद नसते. पोर्टलवर गाडी मोकळी दिसते.

अशा वेळी खुणा ओळखाव्या लागतात. आरसी हरवली म्हणून डुप्लिकेट काढलीय, दुसरी चावी "मुंबईच्या घरी" आहे, विम्याचा मूळ कागद सापडत नाही. यातली एखादी गोष्ट खरी असू शकते, तिन्ही एकदम असतील तर थांबा. विम्याची पॉलिसी मागून घ्याच, कारण तिच्यावरही कर्ज देणाऱ्याचं नाव असतं आणि कधीकधी आरसीपेक्षा तीच जास्त बोलते. विक्रेत्याला स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढायला सांगता येतो, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. पतसंस्थेचं कर्ज होतं असं कळलं तर थकबाकी नसल्याचा दाखला शिक्क्यासह आणि मूळ प्रतीतच घ्या. वर सांगितलेला रिझर्व्ह बँकेचा आदेश पतसंस्थांना लागू नाही, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात.

गोव्याची गाडी स्वस्त म्हणून उचलणं

कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्गकडे हा मोह नेहमीचा. गाडी एमएच-०७ वर आणायची तर गोव्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि कर्ज चालू असेल तर तो फायनान्सरच्या संमतीशिवाय मिळत नाही. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. हा फॉर्म हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. जीए पासिंगची गाडी वर्षानुवर्षं इकडे तशीच फिरवणारे आहेत, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर नवी नोंदणी करणं कायद्याने सक्तीचं आहे.

गाडं अडलं तर

आरसीवर असलेली बँकच आता अस्तित्वात नाही, हे कोकणात बऱ्याचदा होतं. घाबरायचं कारण नाही. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. जुनं खातं नव्या बँकेकडे असतं आणि एनओसी तीच देते. जुन्या खात्याचा नंबर आणि शेवटच्या हप्त्याची पावती असली तर काम लवकर होतं.

मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने चढवावी लागते. मुलाने वडिलांच्या सहीची जागा भरून दिलेला फॉर्म घेऊ नका. मालक आखातात असेल, आणि रत्नागिरी-खेडकडे अशी घरं खूप आहेत, तर नोंदणीतला त्याचा मोबाईल नंबर चालू आहे का हे आधी बघा. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी तिथेच जातो.

गाडी घेऊन झाली आणि आता कर्ज उघडकीस आलं असेल, तर ती लपवून ठेवू नका. फायनान्स कंपनीला लेखी कळवा, बाकी रक्कम लेखी मागवा, आणि भरायचं ठरवलंत तर फक्त कर्जखात्यात भरा. विक्रेत्याने कर्ज लपवून पैसे घेतले असतील तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार होते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठी आहे. गाडी डीलरकडून घेतली असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्यामुळे कुठल्याही ऑटो कन्सल्टंटकडे गेलात तर ते अधिकारपत्र आधी दाखवायला सांगा.

सगळं सुरळीत झालं की मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच आठवड्यात भरून टाका. विक्रेत्याला १४ दिवसांची आणि तुम्हाला ३० दिवसांची मुदत आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आणि त्यावरचं जुन्या फायनान्सरचं नाव तेव्हाच काढायला सांगा. ते राहून गेलं आणि गाडीला मोठा अपघात झाला, तर दाव्याचे पैसे त्या जुन्या बँकेच्या नावाने निघतात.