तिकिटाच्या काउंटरवर नवीन आहात? आधी कोड वाचायला शिका

ट्रॅव्हल एजन्सीत नव्याने लागलेली मुलं हमखास सहा अक्षरी पीएनआरलाच तिकीट समजतात. पीएनआर ही बुकिंगची नोंद. पैसे भरून तिकीट काढलं की 13 आकडी नंबर पडतो. त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे : एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176, लुफ्तान्साचे 220. हा नंबर दिसेपर्यंत प्रवाशाला ‘तिकीट झालं’ म्हणू नका, कारण तिकीट काढायची मुदत उलटली की सीट जाते. स्वस्त विमानसेवांपैकी काहींचं काम नुसत्या पीएनआरवर चालतं, तेवढा अपवाद.

मग स्टेटस बघा. एचके म्हणजे कन्फर्म, एचएल म्हणजे वेटिंग. टीके दिसलं की वेळ बदललेली असते. पुढचं विमान गाठता येतंय का, ते लगेच तपासा.

माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं ते व्हीलचेअरच्या कोडवर. मुलाकडे अमेरिकेला निघालेले आईवडील आपल्याकडे रोज येतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटवर नेऊन बसवावं लागतं. म्हणून ‘व्हीलचेअर हवी का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘काकू, जिना चढता का? सीटपर्यंत आपल्या आपण जाल ना?’ असं विचारा. चुकीचा कोड पडला तर विमानाच्या शिडीपाशी त्या माउलीचे हाल होतात.

जेवणाचंही तसंच. एचएनएमएल म्हणजे हिंदू मील, आणि त्यात बहुधा चिकन, मटण किंवा मासे असतात. बीफ मात्र नसतं. शाकाहारी माणसाला एव्हीएमएल टाका, म्हणजे आपल्या पद्धतीचं जेवण मिळतं. जैन कुटुंबासाठी व्हीजेएमएल.

गोव्याचं बुकिंग करताना जीओआय म्हणजे दाबोळी विमानतळ आणि जीओएक्स म्हणजे मोपा विमानतळ, हे पक्कं ठेवा. सावंतवाडीच्या माणसाला मोपाच जवळ.

आणि मागणी टाकली म्हणजे ती मान्य झाली असं नाही. जेवण किंवा व्हीलचेअरपुढे एचएन असेल तर उत्तर यायचंय. तिथे एचके दिसेपर्यंत ते बुकिंग रोज उघडून बघा, आणि नाहीच आलं तर निघायच्या बऱ्याच आधी कंपनीला फोन लावा.