मिरवणुकीत उकळणाऱ्या जुन्या मॅसीचं कूलिंग सुधारताना

आमच्या घणसोलीच्या घरासमोर बाबांचा मॅसी फर्ग्युसन 35 उभा असतो. पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन, सगळं मूळचंच. गावची शेतं सिडकोत गेली, तरी बाबांनी ट्रॅक्टर विकला नाही. आता तो पावसाळ्यात मुरबाडला मामाच्या भाताच्या चिखलणीला जातो आणि विसर्जनाला गणपतीची ट्रॉली ओढतो. त्याला खरा ताप मिरवणुकीचा. चार-चार तास मुंगीच्या पावलाने चालायचं, इंजिन आयडलवर म्हणून फॅन सावकाश फिरतो, आणि समोरून वारा मुळीच नाही. तीन वर्षांपूर्वी ऐन गर्दीत रेडिएटरच्या झाकणातून वाफ उसळली. पोरं बाजूलाच नाचत होती. त्या दिवशी ठरवलं, हे काम नीट करायचं.

माझी पहिली चूक सांगतो. मी आधी रेडिएटरच नवा करून घेतला. ब्लॉकमधला, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव धडातला, गंज तसाच राहिला, तो सुटून नव्या कोरमध्ये (रेडिएटरच्या नळ्या-जाळीच्या गाभ्यात) बसला आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून सुरुवात इंजिनच्या पोटापासून करा.

त्याआधी एक तपासणी. इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू करा आणि पाण्याकडे बघत राहा. रेस दिल्यावर सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग) गेलं आहे. मग आधी ते बदला, बाकी सगळा खर्च वाया जाईल.

रेडिएटरच्या खालचा टॅप आणि ब्लॉकच्या बाजूचा टॅप, दोन्ही उघडा. माझ्या ब्लॉकच्या टॅपातून एक थेंब आला नाही. भोकात तार घालून ढवळलं तेव्हा आधी काळा चिखल लोंबत बाहेर आला, मग विटकरी पाणी, आणि शेवटी हातात चुन्याच्या खपल्या. आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत होतो, त्याचा हा थर. ह्या थरातून लोखंडाची उष्णता पाण्यात उतरतच नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून ठेवा, जुना रेडिएटर लावलेलाच असू द्या. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक ॲसिड (किराणावाल्याकडचं लिंबूसत्व) विरघळवून भरा, इंजिन गरम करून अर्धा तास चालवा. हातमोजे घाला, आणि थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. रात्रभर ठेवायचं नाही, ॲसिड चांगलं लोखंडही खातं. काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवा, मग साधं पाणी नितळ येईपर्यंत. मला पाच वेळा भरावं लागलं.

आता रेडिएटर. कळंबोलीला ट्रकांच्या वस्तीत कोर बदलून देणारे कारागीर आहेत. त्यांनी मला ॲल्युमिनियमचा सुचवला, मी नाही म्हटलं. पितळी टाक्या तशाच ठेवून तांब्याचा कोर घातला, नळ्यांच्या तीन ओळींऐवजी चार. उद्या शेतावर गळला तर झाळून तरी घेता येतो. जाळी फार दाट घेऊ नका. दाट जाळी कागदावर जास्त थंड करते, पण भाताचा भुसा आणि चिखलाचे शिंतोडे तिच्यात एका दिवसात अडकतात. जाडी वाढली की फॅनला लागत नाही ना, हे बसवण्याआधी मोजा.

सगळ्यात जास्त फरक पडला तो काउलमुळे, म्हणजे फॅनभोवतीच्या पत्र्याच्या कड्यामुळे. माझ्या ट्रॅक्टरचं काउल कधीच हरवलं होतं. काउल नसेल तर फॅन आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो, कोरमधून ओढत नाही. रबाळेच्या एमआयडीसीत 18 गेजच्या पत्र्याचं करून घेतलं. पात्यांच्या टोकांभोवती बोटभर जागा, आणि पात्याची अर्धी रुंदी कड्याच्या आत, अर्धी बाहेर. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण 12 मिमी खाली जावा. इलेक्ट्रिक फॅनच्या नादी लागू नका. जुन्या डायनॅमोला तो भार झेपत नाही, बॅटरी उतरते.

थर्मोस्टॅट परत बसवा, कळकळीने सांगतो. "काढून टाका, गाडी थंड राहील" असं बरेच मेकॅनिक सांगतात. मग इंजिन नेहमीच गार चालतं, डिझेल पुरतं जळत नाही आणि लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) झिजतात. पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याला बांधून सोडा: 82 अंशांचा असेल तर त्याच सुमारास हळूहळू उघडताना दिसतो. नाही उघडला तर नवा घ्या.

रेडिएटरचं झाकण 7 पीएसआय दाबाचंच ठेवा. तेवढ्या दाबाने पाणी सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही. जास्त दाबाचं झाकण जुने झाळलेले सांधे आणि होज (रबरी पाइप) फोडेल. ओव्हरफ्लोची नळी (झाकणाखालून जादा पाणी बाहेर नेणारी) शेजारी लावलेल्या पाण्याच्या बाटलीच्या तळापर्यंत बुडवा, म्हणजे थंड होताना पाणी परत ओढलं जातं. मात्र त्यासाठी पाणी बाहेर सोडणारं आणि परत आत घेणारं, असं दोन्ही बाजूंनी काम करणारं झाकण लागतं. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे ना बघा, नाहीतर पंपाच्या ओढीने होज चपटा होतो.

कूलंट एक भाग, डिस्टिल्ड वॉटर दोन भाग. आपल्याकडे पाणी गोठत नाही, आपल्याला कूलंट हवं ते गंज रोखायला. झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू करून सावकाश भरा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन उतरते, तेव्हा पुन्हा भरा.

हेडमध्ये केशनळीचा (केसासारख्या बारीक नळीचा) तापमान काटा बसवा, त्याला बॅटरी लागत नाही. मिरवणुकीत थांबलात तर क्लच दाबून ठेवू नका, न्यूट्रलला घेऊन हजार-बाराशे आरपीएम धरा, फॅन फिरू द्या. गेल्या विसर्जनाला आमचा काटा रात्रभर 85 च्या आसपास होता. बाबा ट्रॉलीशेजारून चालत होते, आणि दर चौकात वाकून तो काटा बघत होते.

पहिल्या दहा तासांच्या कामानंतर पट्टा थोडा सैल होतो. तो ताणा, आणि होजच्या क्लिपाही पुन्हा आवळा.