गोव्यात सोशल वर्कर लोकांचा क्लिनिकल सुपरवायझर व्हायचंय, तर काय काय लागतं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकते, आपल्याकडे 'क्लिनिकल सुपरवायझर', म्हणजे दुसऱ्या सोशल वर्करच्या केसेस नियमित बघून त्याला शिकवणारा सीनियर, या नावाचं सरकारी लायसन्स नाहीये. अमेरिकेत ही भानगड राज्याराज्यात वेगळी आहे, टेक्सासमध्ये क्लिनिकल लायसन्सवाल्याला सुपरवायझर व्हायला ४० तासांचा कोर्स करावा लागतो, कॅलिफोर्नियात तर लायसन्स मिळण्याआधीच ३,००० तास सुपरव्हिजनखाली काम करावं लागतं. इथे तसलं काही नाही. म्हणून कोणी दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्कशॉपवर 'सर्टिफाइड सुपरवायझर' करून देतो म्हणत असेल तर पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की हा कागद कुठल्या कायद्याखाली कोण मानतं. कोर्स वाईटच असेल असं नाही, शिकायला जरूर जा, पण त्याच्या भरवशावर हातातली नोकरी सोडू नका.

मग क्वालिफाइड कशाच्या जोरावर म्हणायचं? पाया एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधली मास्टर्स डिग्री, त्यात मेडिकल-सायकियाट्रिक स्पेशलायझेशन असेल तर बरं. मेंटल हेल्थमध्ये राहायचं असेल तर मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये सायकियाट्रिक सोशल वर्कर कोणाला म्हणायचं ते सरळ लिहिलंय, एमएसडब्ल्यूच्या वर दोन वर्षांचं फुलटाइम एमफिल, आणि त्यात सुपरव्हिजनखालची क्लिनिकल ट्रेनिंग हवीच. या कायद्याखाली रजिस्ट्रेशन स्टेट मेंटल हेल्थ ऑथॉरिटीकडे होतं. आता मेख अशी की यूजीसीने २०२२ मध्ये एमफिलच बंद केलं, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोघांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली, त्यामुळे बेंगळुरूचं निम्हान्स असो की रांचीचं सीआयपी (दोन्ही मानसोपचाराच्या सरकारी संस्था), ॲडमिशन घेताना कोर्सचं आताचं नाव काय आणि तो रजिस्ट्रेशनला चालतो का हे लेखी विचारून घ्या. तोंडी 'हो हो चालतं' वर जाऊ नका. हॉस्पिटलवाल्या मेडिकल सोशल वर्करांनी २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदाही बघावा, त्याच्या यादीत क्लिनिकल, सायकियाट्रिक, मेडिकल असे तिन्ही सोशल वर्कर आहेत.

डिग्री झाली म्हणजे सुपरवायझर झालात असं नाही हां. किती वर्षं अनुभव पाहिजे याचा नियम नाही, माझं विचाराल तर पाचएक वर्षं थेट क्लायंटबरोबर काम, नुसते प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिलेले धरायचे नाहीत. आणि त्या काळात तुमचं स्वतःचं काम कोणीतरी नियमित तपासलेलं असलं पाहिजे. ज्याची केस कधी कोणी उघडून बघितली नाही तो दुसऱ्याची बघायला बसला की एकतर पोलीस तपासणी करतो नाहीतर चहा पाजून पाठवतो.

सुपरव्हिजनच्या कामाचे भाग अमेरिकेतले सोशल वर्कचे प्राध्यापक आल्फ्रेड कदुशिन यांनी सांगितलेले तेच अजून धरतात, प्रशासन, शिकवणं आणि आधार देणं. आपल्या संस्थांमध्ये पहिलंच चालतं, व्हिजिट किती, फॉर्म भरले का, बिलं कुठायत, आणि त्यालाच सुपरव्हिजन म्हणतात. शक्य असेल तर पगार-रजा बघणारा माणूस वेगळा ठेवा, कारण जिच्या हातात माझी इन्क्रिमेंट आहे तिला मी 'या क्लायंटची मला भीती वाटते' असं कधीच सांगणार नाही. छोट्या संस्थेत एकच बाई दोन्ही करते, तिथे निदान वेळ वेगळी ठेवा, आणि हा तास केसचाच, बिलांचा नाही, असं आधीच ठरवा.

आता शिकायचं कसं, तर यासाठी बाहेर कुठे जायला नको, पर्वरीच्या संगत या मेंटल हेल्थमधल्या संस्थेचं काम बघा. गोव्याच्या प्रायमरी हेल्थ सेंटरमध्ये डिप्रेशन आणि दारूच्या प्रॉब्लेमसाठी त्यांनी साध्या, मेंटल हेल्थची डिग्री नसलेल्या काउन्सेलरांना तयार केलं, त्याच्या ट्रायल २०१७ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आल्या. तिथे सेशन रेकॉर्ड व्हायची, ग्रुपमध्ये ऐकायची, एका स्केलवर मार्क द्यायचे आणि मग चर्चा, सुरुवातीला एक्स्पर्ट आणि नंतर काउन्सेलरच एकमेकांचं करायचे. मला ही पद्धत फार आवडते कारण माणूस तोंडाने सांगतो ती केस आणि रेकॉर्डिंगमधली केस यात बराच फरक असतो.

समजा सत्तरी तालुक्यातला एक माणूस, दारूसाठी बायकोने आणलेला. काउन्सेलर सांगते, 'क्लायंट बोलतच नाही, मोटिवेशन नाही.' रेकॉर्डिंग लावलं की ऐकू येतं, तो मध्येच कोकणीत म्हणतो 'रातची न्हीद येना', आणि ही लगेच विचारते 'दिवसाला किती पेग?' आणि मग लिव्हरवर लेक्चर. इथे पॉज करायचं. 'तू चुकलीस' म्हणायचं नाही, 'तो झोपेचं बोलला तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं' असं विचारायचं आणि गप्प बसायचं. बऱ्याचदा उत्तर येतं की फॉर्ममधला पुढचा प्रश्न तोच होता. मग तिथल्या तिथे रोल प्ले, तुम्ही क्लायंट, ती काउन्सेलर, आणि झोपेपासून परत सुरू. एका तासात एकच जागा अशी धरली तरी पुष्कळ, पाच केसेस वरवर चाळण्यात काही हाती लागत नाही.

रेकॉर्डिंगला क्लायंटची परवानगी पाहिजे, त्याच्या भाषेत, कोण ऐकणार आणि कधी डिलीट होणार हे सांगून. व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवायचा नाही म्हणजे नाही. गोव्यात तर नाव काढलं तरी गाव, वाडा, घर सांगितलं की दोन फोनांत माणूस ओळखतात, क्लायंट तुमच्या वहिनीची शेजारीण निघू शकते, तसं निघालं तर ती केस दुसऱ्या सुपरवायझरकडे द्या, लाजू नका.

काही गोष्टी चर्चेला थांबत नाहीत. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे 'पुढच्या मीटिंगला बोलू' चालत नाही. आत्महत्येचा धोका दिसला तर रात्री फोन कोणाला करायचा, बांबोळीच्या आयपीएचबीला, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटलला, कसं न्यायचं, टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून तुमच्या आणि काउन्सेलरच्या सहीने ठेवायचं. त्याच कागदावर भेट किती दिवसांनी, फी घेणार असाल तर किती, नोंदी कोण ठेवणार आणि पटलं नाही तर तक्रार कोणाकडे, हेपण.

तुमच्या सुपरव्हिजनवरही कोणाची तरी नजर हवी, महिन्यातून एकदा एखाद्या सीनियरला तुमचं रेकॉर्डिंग ऐकवा, ऑनलाइन चालेल. आणि लॉगबुक आजपासूनच सुरू करा, तारीख, तास, एकटं की ग्रुप, विषय काय, कोणाची सही, एवढे रकाने बास. उद्या बाहेरदेशी अर्ज करायचा झाला तर तासांचा हिशोब मागतात, तेव्हा सह्या दर महिन्याला घ्या, सुपरवायझर रिटायर होऊन मुलाकडे लंडनला गेल्यावर कोणामागे फिरणार.